टॉवरखालचा बाईट

निवडणूक जाहीर झाली की रावपुऱ्याच्या टॉवरखाली दोन तऱ्हेची माणसं वाढतात. एकांच्या गळ्यात खेस असतो, दुसऱ्यांच्या हातात चॅनलचा बूम. खेसवाल्यांना बोलायचं असतं आणि बूमवाल्यांना त्यांचं बोलणं अर्ध्यावर तोडायचं असतं, त्यामुळे दोघांचं छान जमतं. त्यांच्या मागे जो कुणी सेव-उसळीची प्लेट धरून उभा असेल, तो रात्री बातम्यांत स्वतःला शोधतो. एकदा मला माझा उजवा कोपर सापडला होता.

चॅनलवाल्यांना टॉवर सोयीचा पडतो. मागे घड्याळ दिसलं की हे बडोदं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याचं पूर्ण नाव चिमणाबाई टॉवर. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या पहिल्या राणी, तंजावरच्या मोहित्यांची लेक, १८८५ साली ऐन तारुण्यात गेल्या. त्यांच्या आठवणीसाठी लोकांनी पैसे जमवून १८९६ मध्ये तो उभा केला. आता त्याच्या पायाशी उभं राहून उमेदवार शहराच्या विकासाविषयी बोलतात.

मुरलेल्या पुढाऱ्याची मुलाखत मी हातातलं काम न सोडता ऐकतो. नवख्याची मात्र जीव मुठीत धरून बघतो. काल संध्याकाळपर्यंत हा माणूस स्टेशनरीचं दुकान सांभाळत होता. रात्री यादी आली, सकाळी फॉर्म भरला, दुपारी तोंडासमोर बूम. ‘आपलं व्हिजन काय?’ या प्रश्नावर तो ज्या नजरेने बातमीदाराकडे बघतो, ती नजर मला परीक्षेतली वाटते. आपणही कधीतरी असं बघितलेलं असतं. फरक एवढाच, की तेव्हा कॅमेरा नव्हता.

खरं तर बडोद्याला अवघड प्रश्नांची सवय जुनी आहे. या गावाने पाहिलेला सगळ्यात कडक मुलाखतकार १८७५ साली लंडनहून आला होता. त्याचं नाव सार्जंट बॅलंटाइन, धंदा वकिली. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा आळ बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला होता, आणि मल्हाररावांनी भरभक्कम फी मोजून हा वकील आणवला. त्याने साक्षात रेसिडेंटसाहेबांची उलटतपासणी घेतली. चौकशी आयोगातले तीन इंग्रज एका बाजूला आणि तीन हिंदी सभासद दुसऱ्या बाजूला, असा शेवटी निकाल अडकला. तरी सरकारने गैरकारभाराचं कारण दाखवून मल्हाररावांना पदच्युत केलंच. प्रश्नोत्तरांत बरोबरी झाली आणि गादी गेली. मुलाखत आणि सत्ता यांचा संबंध वाटतो तेवढा सरळ नसतो हे बडोद्याला तेव्हापासून ठाऊक असायला हरकत नाही.

गादी रिकामी झाली तशी दुसरी मुलाखत ठरली. ही नवख्याची. मल्हाररावांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाई यांना मुलगा दत्तक घ्यायचा होता. नाशिककडच्या कवळाण्याहून काशीराव गायकवाड आपल्या तीन मुलांना घेऊन बडोद्याला आले. शेतकऱ्याच्या घरातली मुलं, अक्षरओळखही झालेली नाही. तुम्ही इथे कशाला आलात, असं मुलांना विचारलं गेलं आणि बारा वर्षांच्या गोपाळने सांगितलं, राज्य करायला आलोय. बडोद्याच्या प्रत्येक मराठी घरात ही गोष्ट सांगतात. लहानपणी मला ती ऐकवली गेली तेव्हा गोपाळच्या धिटाईचं कौतुक करायचं असतं हे मला कळलं होतं. आता वय झाल्यावर मला वेगळीच शंका येते. वाटेत कुणीतरी त्याला पढवलं असेल का? काका, मामा, निदान गाडीवान? एवढं आटोपशीर उत्तर बारा वर्षांच्या पोराला आपसूक सुचत नाही. आजच्या कुठल्याही पक्षाच्या प्रवक्त्याला ते चाललं असतं: प्रश्न लहान, उत्तर त्याहून लहान, तपशील शून्य, आत्मविश्वास भरपूर.

पण पुढे जे झालं ते आज कुणी करत नाही. मे १८७५ मध्ये दत्तकविधान झालं, गोपाळचे सयाजीराव झाले, आणि मग त्यांना राज्य करू दिलं नाही. आधी शिकवलं. इलियटसाहेब शिक्षक नेमले. दिवाण सर टी. माधवराव हे मूळचे तंजावरकडचे मराठी, त्रावणकोर आणि इंदूर सांभाळून इकडे आलेले. त्यांनी राजाने कसं वागावं, माणसं कशी पारखावीत, प्रजेचं सुख कशात असतं, यावर या मुलाला व्याख्यानं दिली. ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापलीही गेली. डिसेंबर १८८१ मध्ये अधिकार हातात आले, म्हणजे सहा वर्षांहून अधिक नुसती तयारी. आमच्या वॉर्डाच्या उमेदवाराला तिकीट आणि बूम यांच्यामध्ये जेवायलाही वेळ मिळत नाही. रात्री पक्षाच्या कार्यालयातून पाच मुद्दे व्हॉट्सॲपवर येतात, तेच त्याचे माधवराव.

भाषणाचं एक बरं असतं, मागे कुणीतरी उभं राहू शकतं. रावपुऱ्याला लागूनच दांडिया बाजार. तिथल्या ज्या घरात अरविंद घोष राहिले त्याला आज अरविंद आश्रम म्हणून लोक भेट देतात. १८९३ ते १९०६ ही तेरा वर्षं ते बडोद्याच्या नोकरीत होते आणि महाराजांची काही भाषणंही तेच लिहून देत. एकदा मसुदा वाचून महाराज म्हणाले, अरविंदबाबू, जरा खालच्या पट्टीत आणा, हे माझं वाटणार नाही. त्यावर अरविंदबाबूंनी सांगितलं, की पट्टी वर असो की खाली, महाराजांची भाषणं दुसरेच लिहितात असंच लोक म्हणणार, मग बदलायचं कशाला? हा किस्सा त्या काळच्या माणसांनी सांगून ठेवला आहे. मला त्यातलं महाराजांचं भान फार आवडतं. दुसऱ्याने लिहिलेलं आपल्या तोंडी शोभेल का, ही काळजी करणारा पुढारी मी तरी टॉवरखाली अजून पाहिलेला नाही.

आता सहा वर्षांची तयारी, तीस वर्षांचा कारभार, सक्तीचं प्राथमिक शिक्षण, वाचनालयं, एवढं सगळं पदरी असलेला माणूस कॅमेऱ्यापुढे तरी निभावून नेईल की नाही? १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. निजामानंतर लगेच सयाजीरावांची पाळी. त्यांनी पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववली आणि, पाठ न दाखवता मागे सरायचा रिवाज असताना, पाठ फिरवून चालू लागले. अंगावर दागिन्यांचा लवाजमाही नव्हता. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीला स्वतः न जाता त्यांनी धाकट्या भावाला पाठवलं होतं असंही सांगतात. पूर्वीचा काळ असता तर मंडपातल्या काही लोकांनी भुवया उंचावल्या असत्या आणि विषय संपला असता. पण तिथे चलचित्रं घेणारे होते. ती फीत लंडनच्या पडद्यावर दाखवली गेली आणि तिकडे एकच गहजब झाला. महाराजांनी व्हाइसरॉयना पत्र लिहून खुलासा केला, की मी गोंधळलो, आधीच्यांनी काय केलं ते मला नीट दिसलं नाही. तो गोंधळ होता की बाणेदारपणा, यावर बडोद्यात अजून वाद घालता येतो आणि आम्ही घालतो. माझं मत विचाराल तर थोडा गोंधळ, थोडा कंटाळा. अठ्ठेचाळीस वर्षांच्या कर्त्या राजाला पावलं मोजत उलटं चालायला लावलं की कुणालाही होईल तेवढाच. मात्र काही सेकंदांची ती फीत पत्रापेक्षा जास्त टिकली.

त्यानंतर मधली बरीच वर्षं पुढाऱ्यांना कॅमेऱ्याचा त्रास नव्हता. गायकवाड घराण्यातले फत्तेसिंहराव लोकसभेत गेले, रणजितसिंह गेले, पण मुलाखत म्हणजे पेपरवाला घरी येणार, चहा पिणार आणि दोन दिवसांनी त्याला जमेल तसं छापणार. दूरदर्शनवर १९८५ साली विनोद दुआंचा ‘जनवाणी’ हा कार्यक्रम आला आणि साधी माणसं मंत्र्यांना थेट प्रश्न विचारताना दिसली तेव्हा अप्रूप वाटलं होतं.

आणि मग बडोद्याने उलटंच करून दाखवलं. पुढारी टीव्हीला घाबरतात म्हणून टीव्हीवरचं माणूसच पुढारी केलं. १९९१ साली लोकसभेला रणजितसिंह गायकवाडांच्या समोर दीपिका चिखलिया उभ्या राहिल्या. ‘रामायण’ संपून तीन वर्षं झाली होती, पण लोकांच्या मनात ते संपलेलं नव्हतं. एकीकडे राजघराणं, दुसरीकडे सीतामाई. काही मराठी घरांत त्या वेळी धर्मसंकटच उभं राहिलं असणार. महाराजांचा फोटो बैठकीत आणि सीतामाईचा देवघरात. देवघराने बाजी मारली. त्याच निवडणुकीत साबरकांठ्यातून अरविंद त्रिवेदी, म्हणजे साक्षात रावण, दीपिकांच्याच पक्षाकडून निवडून आले. सीता आणि रावण एका बाकावर बसलेली ती लोकसभा. कॅमेऱ्यापुढे अवघडणं हा प्रकार या दोघांना माहीत नव्हता. पण त्यांनाही सुरुवातीला शून्यापासून शिकावं लागलं असेलच, आणि ते शिकताना बघायला मात्र कुणी कॅमेरा लावला नव्हता.

पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, सत्यजितसिंह गायकवाड बडोद्यातून अवघ्या १७ मतांनी जिंकले. सतरा! आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसं आयत्या वेळी वाढतात. अशा निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराने प्रचारातलं आपलं प्रत्येक वाक्य रात्रीतून आठवून पाहिलं असेल. उलट २०१४ साली नरेंद्र मोदी इथून ५ लाख ७० हजारांवर मतांनी निवडून आले. त्याआधी, २००७ मध्ये, मुख्यमंत्री असताना करण थापर यांच्या प्रश्नांवर तीनेक मिनिटांत त्यांनी पाणी मागितलं होतं आणि माइक काढून ठेवला होता. ती चित्रफीत देशभर फिरली. आमच्या मतपेट्यांपर्यंत पोचल्याचं काही दिसलं नाही. त्याच २०१४ च्या जानेवारीत राहुल गांधींनी अर्णब गोस्वामींना दीर्घ मुलाखत दिली. दहा वर्षं खासदार राहून झाल्यावरची ती त्यांची पहिली मोठी मुलाखत. प्रश्न कुठूनही निघो, उत्तर व्यवस्था बदलणे, महिलांचं सक्षमीकरण आणि माहितीचा अधिकार या तीन स्टेशनांवरच थांबत होतं. दोघेही काही नवखे म्हणता येणार नाहीत. एकाला उठायचं कधी ते कळत होतं, दुसऱ्याला पाठ केलेलं सोडायचं कधी ते कळत नव्हतं. आणि बडोद्यातले मोदींचे प्रतिस्पर्धी मधुसूदन मिस्त्री, सत्तरीला टेकलेले, मोदींचं पोस्टर काढायला खांबावर चढले. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर देण्याचा तो प्रकार कॅमेरावाल्यांना फार भावला.

थोडक्यात, मोठ्यांचं निभावतं. नवख्यांचं तसं नसतं. २००८ मध्ये अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन एकदम उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या आणि केटी कूरिक यांनी त्यांना विचारलं, तुम्ही कोणती वर्तमानपत्रं वाचता? त्यांनी सांगितलं, सगळी, समोर येतील ती. जग हसलं. रावपुऱ्यात हा प्रश्न विचारला तर आमचा सर्वांत कच्चा उमेदवारसुद्धा तीन पेपरांची नावं न अडखळता घेईल, कारण तिघांचेही बातमीदार समोर उभे असतील.

मला जास्त कणव येते ती क्लोई स्मिथ यांची. इंग्लंडच्या अर्थखात्यातल्या तीस वर्षांच्या कनिष्ठ मंत्री. जून २०१२ मध्ये सरकारने इंधनावरची करवाढ अचानक पुढे ढकलली. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न स्वतः आले नाहीत, बाईंना पाठवलं. समोर जेरेमी पॅक्समन. हा निर्णय तुम्हाला कधी कळला? दुपारी जेवणाआधी की नंतर? बाई चर्चा, प्रक्रिया असं काही बोलत राहिल्या, आणि पॅक्समननी ‘आपली लायकी नाही असं तुम्हाला कधी वाटतं का?’ इथपर्यंत आणून ठेवलं. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने घरी बसायचं आणि ज्याला नाही त्याला पाठवायचं, ही कार्यपद्धती ओळखीची वाटली ना? आमच्याकडे फाटलेल्या पाइपलाइनपाशी नेहमी सगळ्यात नवा नगरसेवकच उभा असतो. याच पॅक्समननी १९९७ मध्ये मायकल हॉवर्ड या मुरब्बी माजी गृहमंत्र्यांना एकच प्रश्न बारा वेळा विचारला होता आणि बाराही वेळा उत्तर मिळालं नव्हतं. पुढे पॅक्समननी सांगून टाकलं, की पुढचा रिपोर्ट तयार नव्हता म्हणून वेळ काढत होतो. हॉवर्ड सहा वर्षांनी पक्षाचे नेते झाले. स्मिथबाईंनाही दहा वर्षांनी मंत्रिमंडळात जागा मिळाली.

आता आमच्या वॉर्डातल्या वहिनींविषयी. महापालिकेत १९ वॉर्ड आणि ७६ जागा, म्हणजे एका वॉर्डात चौघांचं पॅनल, त्यातल्या निम्म्या जागा बायकांच्या. पॅनलमध्ये एक जुना खेळाडू असतो, तो बोलतो आणि बाकीचे तिघे मान डोलावतात. व्यवस्था उत्तम आहे. पण २०२१ च्या निवडणुकीत एका सकाळी जुना खेळाडू दुसऱ्या सोसायटीत गेलेला आणि पोळीच्या तोंडाशी एकट्या वहिनी. तिकीट खरं त्यांच्या यजमानांना, भाऊंना, हवं होतं. जागा बायकांची निघाली म्हणून घरातल्या घरात फिरलं. वहिनी शिकवण्या घेणाऱ्या, अपूर्णांकात हात धरणारं कुणी नाही. भाऊ कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, पण कानाच्या चौकटीत उभे.

चॅनलचा मुलगा असेल चोवीस-पंचवीसचा. त्याने बूम पुढे केला. “बेन, तमारा वॉर्डमां पाणीनो प्रश्न क्यारे उकेलाशे?”

वहिनी गप्प. भाऊ मागून कुजबुजले, “चोवीस कलाक, चोवीस कलाक!”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पदर सारखा केला आणि गुजरातीत शांतपणे सांगू लागल्या, की आमच्याकडे पाणी सकाळी साडेसहाला येतं, पण वरच्या मजल्यावर चढत नाही. पूर्वी चढायचं. मधल्या काळात काय झालं ते मला कळलेलं नाही. निवडून आले तर आधी तेच विचारणार आहे, कळल्याशिवाय तारीख कशी सांगू?

मुलाने बूम खाली घेतला. “बेन, आवुं नहीं चाले. फरीथी.” त्याचाही दोष नव्हता, दुपारच्या आत त्याला आणखी तीन वॉर्ड उरकायचे होते. भाऊंनी पुढे येऊन वाक्य घोटवून घेतलं. दुसऱ्या खेपेला वहिनी म्हणाल्या, आमचा पक्ष चोवीस तास पाणी देईल. आठ शब्दांच्या आत आटोपलं. संध्याकाळी हेच दाखवलं, खाली नावही बरोबर आलं होतं, आणि पोळीत पेढे वाटले ते निकालाच्या आधीच.

पहिलं उत्तर आम्ही चारपाच जणांनीच ऐकलं. मला वाटतं, सोफ्यावर बसून मी आजवर ऐकलेल्या शेकडो मुलाखतींत पाण्याविषयी एवढं बरोबर कुणी बोललं नव्हतं. पण खरं सांगायचं तर, ते जसंच्या तसं दाखवलं असतं तर मीच म्हणालो असतो, बाईंना साधी तारीख सांगता येत नाही, या काय वॉर्ड चालवणार? सोफ्याचा तो गुणच आहे. त्यावर बसून मी बजेटही मांडलेलं आहे.

वहिनी निवडून आल्या आणि हळूहळू तयार झाल्या. परवा त्यांना टॉवरपाशी पुन्हा बूम लागलेला पाहिला. आता भाऊ मागे नसतात, ड्रायव्हर असतो. प्रश्न पाण्याचाच. वहिनींनी एक क्षणही घेतला नाही. सक्षम अधिकाऱ्यांकडे रजूआत केली आहे, स्थायी समितीत विषय आला आहे, टेंडरची प्रक्रिया प्रगतीत आहे, आधीच्या लोकांनी काहीच केलं नव्हतं, नागरिकांना थोडी तकलीफ आहे त्याचं दुःख आहे. पाऊण मिनिट, एकही अडखळण नाही, पाण्याचा थेंब नाही. मुलगा वेगळा होता, पण त्यानेही मान हलवून “सरस, बेन” म्हटलं आणि वायर गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. “काय हो, तुमच्या वरच्या मजल्यावर चढतंय का आता?”

“नाही.”

“नाहीच चढणार. कोपऱ्यावरच्या लाइनीत गाळ भरलाय, आणि वळणावर जुना पाइप आहे तो बारीक आहे. मी स्वतः उभी राहून बघितलं परवा. मंगळवारी खोदतायत. सोमवारी रात्री बादल्या भरून ठेवायला सांगा घरी, आणि शेजारच्या आजींनाही सांगा. त्यांना ऐकू कमी येतं, मोठ्याने सांगा.”